हलत होता तो हात माझा

आजवर कोणालाच न सांगितलेली गोष्ट आधी सांगून टाकतो, नाहीतर सवयीप्रमाणे शेवटपर्यंत टाळीन. माझ्या थरथरत्या हाताचा दोष मी माझ्या हाताखालच्या एका मुलीच्या नावावर टाकला, हे मी आता तीन माणसांना स्वतः सांगितलं आहे. माझी बायको, माझे मालक आणि ती मुलगी. तिघांनाही मी सांगितलं की ते घाबरून, एका क्षणात होऊन गेलं. ते खरं नाही. मी आधी डबा खाल्ला. मेथीची भाजी होती. डबा विसळला, हात पुसले, खिडकीशी उभा राहून नीट विचार केला आणि मग पेन उचललं. अर्धा तास तरी गेला असेल. अर्ध्या तासाला क्षण म्हणत नाहीत. निदान आमच्या धंद्यात तरी नाही.

आमचा धंदा मापांचा. धायरीच्या औद्योगिक गाळ्यांमध्ये एक छोटी कॅलिब्रेशनची प्रयोगशाळा आहे, तिथे मी एकोणीस वर्षं आहे. कॅलिब्रेशन म्हणजे काय, हे मी नातेवाइकांना लग्नाकार्यात किती वेळा समजावलं असेल! माझी आई शेवटपर्यंत लोकांना सांगायची, "विलास पट्ट्या तपासतो." याहून नेमकं मलाही कधी सांगता आलं नाही. कारखान्यात कामगार मायक्रोमीटरने दांड्याची जाडी मोजतो. पण तो मायक्रोमीटर खरं बोलतो की नाही, हे कोण बघणार? ते आम्ही बघतो. गिऱ्हाईक उपकरण आणून देतं. ते आम्ही वीस अंशाच्या खोलीत रात्रभर ठेवतो, म्हणजे बाहेरचं ऊन त्याच्या अंगातून निघून जातं. याला आम्ही 'मुरवणं' म्हणतो. मग पोलादाच्या प्रमाण ठोकळ्यांशी त्याची गाठ घालून देतो. हे ठोकळे इतके सपाट असतात की एकावर एक सरकवले की चिकटून बसतात. ते उघड्या हाताने धरायचे नाहीत, कारण हाताच्या उबेनेही त्यांची लांबी वाढते. आमचं सगळं भांडण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाशी. तुमच्या डोक्यावरचा केस आमच्या लेखी वासा आहे.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एक गृहस्थ दरवर्षी मोकळ्या हातांनी यायचे. "मायक्रोमीटर चालू कामात आहे हो, तो कशाला आणू? तुम्ही सर्टिफिकेट तेवढं द्या."

"रक्त तपासायला जाता तेव्हा हात घरी ठेवून जाता का?" मी विचारायचो.

ते रागावून जायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा तसेच यायचे. दुसरे पोकळे मामा. धायरीचेच, जुन्या गावठाणातले. एक लेथ, एक ड्रिल, आणि वडिलांच्या वेळचा एक मायक्रोमीटर. तो ते लोकरीच्या मफलरमध्ये गुंडाळून आणायचे. "थंडी वाजती त्याला तुमच्या खोलीत," म्हणायचे. मामा पुढे येणार आहेत, लक्षात ठेवा.

या धंद्यातली एक गोष्ट मला फार आवडते. आम्ही कधीही 'हे पंचवीस मिलिमीटर आहे' असं लिहीत नाही. 'इतकं भरलं, आणि आमची चूक अमुक इतकी असू शकते' असं लिहितो. आपली चूक किती असू शकते हे सहीनिशी लिहून देणारा दुसरा धंदा मला तरी माहीत नाही. नवीन पोरं आली की पहिल्या दिवशी मी त्यांना हेच सांगायचो, आणि ते सांगताना माझी छाती दोन बोटं फुगायची.

आता माझ्या चुकीबद्दल.

मी बी.एस्सी. फिजिक्स, आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडील गिरणीत झाडूकाम करून वारज्याला येऊन स्थिरावले. रविवारी सकाळी विहारात जाणं, वंदना, पंचशील, हे आमच्या घरात दात घासण्याइतकं नेमाचं. वडील गेल्यावरही मी ते मोडलं नाही. फक्त पाचवं शील आलं, की मादक पदार्थांपासून दूर राहीन, तिथे माझे ओठ नुसते हलायचे. आवाज निघायचा नाही. आजूबाजूला सगळे मोठ्याने म्हणत असतात, कोणाच्या लक्षात येत नाही. त्या वेळी माझ्या स्कूटरच्या डिकीत चपटी असायची.

सुरुवात कशी झाली याची कहाणी सांगत नाही. ती सगळ्यांची सारखीच असते आणि सांगणाऱ्यालाच फक्त वेगळी वाटते. संध्याकाळची होती, ती सकाळची झाली. सकाळी हात थरथरायचा. दोन घोट गेले की थांबायचा. हे जगातलं सगळ्यात वाईट गणित आहे, कारण उत्तर दरवेळी बरोबर येतं. मी एक पाण्याची स्टीलची बाटली घेतली. तिच्यात पाणी नसायचं.

लोकांना वाटतं पिणाऱ्याचं काम एक दिवस धाडकन कोसळतं. तसं होत नाही. ते हळूहळू बाजूला सरकतं. बारीक मापं मी दुपारी घेऊ लागलो. मग ती दुसऱ्यांना देऊ लागलो, आणि त्याला 'पोरांना शिकवणं' म्हणू लागलो. एक माप तीनदा घेऊन मधलं लिहायचो. फोन उचलायचो नाही. सांगायला शरम वाटते, पण त्या वर्षांत माझा वार्षिक शेरा सर्वांत चांगला होता. 'सहकाऱ्यांना घडवतात' असं मालकांनी स्वतः लिहिलं होतं.

मालक म्हणजे दामले साहेब. सत्तरीचे, सडसडीत, सदाशिव पेठेतून रोज स्वतः गाडी चालवत येणारे. त्यांची जीभ आमच्या ठोकळ्यांइतकीच घासून घासून सपाट केलेली.

मृणाल आली ती एम.एस्सी. करून. राहायला वाघोलीला. वाघोलीहून धायरी म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. सकाळी साडेनऊच्या आत ती कधी पोचली नाही, आणि पावणेदहाच्या पुढे कधी गेली नाही. वडील भंडाऱ्याहून आलेले, रांजणगावच्या कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. सहावीत असताना त्यांनी तिच्या हातात व्हर्नियर दिला होता. ते हातात दिसायचं. काही जण उपकरण पकडतात. ती ते धरायची.

तिसऱ्या आठवड्यात ती माझ्या टेबलाशी आली.

"सर, दोन मिनिटं आहेत?"

"बोल."

"माझ्या गोळ्या चालू आहेत. डिप्रेशनच्या. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापासून. आता बरी आहे मी. फक्त सकाळी डोकं जरा जड असतं, म्हणून पहिला अर्धा तास मी बारीक माप घेत नाही. ठोकळे पुसते, नोंदी बघते. तुम्हाला माहीत असावं."

"मला का सांगतेस? मी तर विचारलं नव्हतं."

"तुम्हीच पहिल्या दिवशी म्हणालात ना, चूक किती असू शकते ते आधी लिहायचं?"

मी "बरं" म्हणालो. माझ्या हाताशी ती स्टीलची बाटली होती. मी झाकण घट्ट आहे ना ते बघितलं.

या मुलीने आपल्या आजाराशी जे केलं होतं, ते मी माझ्या व्यसनाशी एकदाही केलं नव्हतं. तिला तिची चूक किती ते माहीत होतं, कधी होते ते माहीत होतं, आणि त्या वेळेत ती जोखमीच्या कामाला हात लावत नव्हती. सहा महिन्यांत ती आमच्याकडचा सर्वांत चांगला हात झाली. अवघड मापं मी तिलाच देत होतो. तिला वाटायचं, सरांचा विश्वास आहे. विश्वास होताच, पण कारण तो नव्हता.

तिसरा केतन. इंजिनिअर, उमदा पोरगा, वाघोलीलाच मित्रांबरोबर फ्लॅटवर राहायचा. सोमवारी डोळे लाल. एका सोमवारी त्याच्या हातून प्रमाण ठोकळा फरशीवर पडला. पडलेला ठोकळा पुन्हा प्रमाण म्हणून वापरता येत नाही, तो बाद. आवाज ऐकून दामले बाहेर आले.

"केतनराव, शनिवार अजून उतरला नाही वाटतं?"

"सॉरी सर. पार्टी जरा हेवी झाली."

"पुढच्या वेळी ठोकळ्यालाही बोलवत जा. बिचारा शुद्धीत होता म्हणून पडला."

सगळे हसले. मी सर्वांत मोठ्याने. आठवडाभराने विषय संपला. मी तेव्हाच पाहून ठेवलं होतं, की इथे दारूची चूक म्हणजे विनोद. पण मृणालने सांगितलेली गोष्ट ती आपल्या बरोबरीच्या पोरींनाही सांगत नाही, हेही मी पाहिलं होतं. पुढे मी जे केलं ते या दोन निरीक्षणांच्या जोरावर. निरीक्षण हा माझा पेशाच.

दरवर्षी बाहेरचे तपासनीस यायच्या आधी आमच्याकडे हाताची परीक्षा होते. उपकरणाची नाही, माणसाच्या हाताची. दहा बारीक पोलादी पिना. तीन माणसं. प्रत्येकाने प्रत्येक पिन तीनदा मोजायची, क्रम उलटसुलट करून, एकट्याने, दार लावून. पायाशी एक कळ असते, ती दाबली की मायक्रोमीटरवरचा आकडा थेट संगणकात जातो. म्हणजे कोणी मनाने आकडा लिहायला नको. तोच हात तीच पिन मोजताना तेच माप देतो का, हे बघायचं. आणि मालकांनी तोंड बघून निकाल लावू नये म्हणून फायलीत नावं नसतात, अ, ब, क अशी अक्षरं असतात. कोणतं अक्षर कोणाचं, ती चिठ्ठी परीक्षेच्या आधी लिहून पाकिटात बंद करायची असते. ती लिहिणं प्रयोगशाळा-प्रमुखाचं काम. म्हणजे माझं. त्या वर्षी मी ती आधी लिहिली नव्हती. मुद्दाम नाही, आळसाने. आळस पुढे फार उपयोगी पडला.

मी पहिला बसलो, म्हणजे अ. सकाळी आठच्या सुमारास, कोणी यायच्या आत. आणि त्या दिवशी मी प्यायलो नव्हतो. एवढं एक काम तरी स्वच्छ करू, असं ठरवून घरून तसाच निघालो होतो. प्यायलो असतो तर हात स्थिर राहिला असता! पहिल्याच पिनेला बोटं नाचायला लागली. पिन तिरकी बसली, आकडा वाढला. पुन्हा घेतला, कमी आला. तीस मापं घ्यायला मला पाऊण तास लागला आणि शर्ट पाठीला चिकटला. वीस अंशाच्या खोलीत.

ब म्हणजे मृणाल, ती सकाळी अकराला बसली. क म्हणजे केतन. जेवणाच्या सुट्टीआधी मी तिन्ही आलेख पाहिले. ब ची रेघ आखीव. क ची बरी. अ ची मात्र घाटातल्या रस्त्यासारखी.

पुढचं सुरुवातीलाच सांगितलं. डबा, खिडकी, पेन. अ – मृणाल. ब – वाघमारे, म्हणजे मी. क – केतन. मी एकही आकडा बदलला नाही. एकोणीस वर्षांत कधीच बदललेला नाही. याचाही मला त्या खिडकीत उभं असताना अभिमान वाटला होता, हे लिहून ठेवतो.

दामल्यांच्या केबिनमध्ये निकाल वाचला गेला. ते चकित झाले. "ही मुलगी? अहो, हिचा हात तर..."

"गोळ्यांमुळे असेल, सर," मी म्हणालो.

"कसल्या गोळ्या?"

मी सांगितलं. तिने दोन मिनिटं मागून, विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी केबिनचं दारही न लावता सांगितली. बाहेर केतन झेरॉक्स काढत होता.

मग मृणालला बोलावलं. ती कागदाकडे बघत राहिली. "सर, प्रत्येक पिन बसली की नाही हे मी दोनदा बघितलं होतं."

आणि मी, फिजिक्सचा पदवीधर, जो डॉक्टर नाही, कंपाउंडरही नाही, तिला समजुतीच्या सुरात म्हणालो, "होतं असं. औषधांनी हात जातो कधी कधी. तुझा दोष नाही."

माझ्या आयुष्यातलं सर्वांत वाईट वाक्य कोणतं, असं कोणी विचारलं तर ते हे आहे. चिठ्ठीपेक्षा वाईट. त्याचं पुढे काय झालं ते मला फार उशिरा कळलं.

तिला आत बारीक कामाला बंदी झाली. बाहेरच्या खिडकीत बसवलं, जिथे गिऱ्हाइकांची उपकरणं उतरवून घेतात आणि पावत्या लिहितात. चार महिन्यांनी तिने राजीनामा दिला. 'घरगुती कारण.' तिच्या शेवटच्या दिवशी मी साइटवर गेलो होतो. साइटवर काम नव्हतं.

त्यानंतर मी जास्त प्यायला लागलो, असं म्हटलं तर ते सहानुभूती मागितल्यासारखं होईल. तेवढाच पीत होतो. आधीच भरपूर होतं.

थांबलो ते पोकळे मामांमुळे. वार्षिक मफलर घेऊन ते आले. सकाळची वेळ, खिडकीत कोणी नव्हतं, म्हणून मीच उपकरण उतरवून घेतलं. मामा पावतीकडे न बघता माझ्या बोटांकडे बघत होते.

"साहेब, रागावू नका. हात हालतोय तुमचा."

"वय झालं, मामा."

"वय माझं झालंय. माझा बघा." त्यांनी पंजा पुढे धरला. काळा, चिरलेला, आणि भिंतीसारखा स्थिर. "आमच्या थोरल्याचा असाच हालायचा. सकाळी हालायचा, दुपारी थांबायचा. तुमचा कवा थांबतो?"

मी पावती त्यांच्यापुढे सरकवली.

"थोरला न्हाई आता," ते म्हणाले आणि मायक्रोमीटर माझ्याकडे न देता पुन्हा मफलरमध्ये गुंडाळला. "तुम्ही बरे व्हा, मग आणतो. घाई न्हाई. बापाचा हाय तो."

एकोणीस वर्षांत माझ्यावर अविश्वास दाखवून उपकरण परत नेणारं ते पहिलं गिऱ्हाईक.

घरी गेलो आणि शोभाला, म्हणजे बायकोला, सांगितलं की मी पितो. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. "बाटली स्टीलची होती, विलास," ती म्हणाली, "माझं नाक नव्हतं." मग गॅस बंद केला आणि विचारलं, "डॉक्टर शोधू का? शोधून ठेवलेत तसे."

डॉक्टर तरुण होत्या. एकदम, एकट्याने, मनाच्या हिय्यावर सोडू नका, त्यात जिवाला धोका असतो, असं त्यांनी बजावलं. काही दिवस भरती झालो, औषधं घेतली. हो, गोळ्याच. सकाळ-संध्याकाळ. पहिली गोळी तळहातावर घेतली तेव्हा मृणालची आठवण आली. डॉक्टरांनी असंही सांगितलं, की दारूच्या खाली माझ्याही मनाचं एक जुनं दुखणं होतं, वडील गेल्यापासूनचं. मी ते कधी मोजलंच नव्हतं.

शोभाला चिठ्ठीचंही सांगितलं. हात थांबला. वर्षाची परीक्षा पुन्हा आली, चिठ्ठी या वेळी मी आधी लिहून बंद केली, आणि माझा आलेख चांगला आला. दामले खूश. "वाघमारे, हात असावा तर असा. नाहीतर मागच्या वर्षीची ती मुलगी. वाईट वाटतं हो, एवढी शिकलेली."

"सर, मागच्या वर्षीचा तो हात माझा होता."

मी बसलोसुद्धा नव्हतो. उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. बाटली, सकाळ, चिठ्ठी. दामल्यांनी ऐकलं, जुनी फाईल काढली, चष्मा बदलला, आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. प्रत्येक मापाशेजारी संगणकाने वेळ छापलेली असते. अ ची पहिली वेळ आठ वाजून बारा मिनिटं. मग त्यांनी हजेरीपुस्तक मागवलं. मृणाल, नऊ पस्तीस.

"इथेच होतं," ते म्हणाले. "वर्षभर इथेच होतं. खाली माझी सही आहे." चष्मा काढून त्यांनी सहीवरून बोट फिरवलं. मग जीभ परत आली. "म्हणजे माझ्याकडे एकच सरळ हात होता, आणि तो मी पावत्या फाडायला बसवला. आणि वाकड्या हाताला 'सहकाऱ्यांना घडवतात' म्हणून शेरा दिला. वाघमारे, आपण दोघं मापं तपासतो म्हणे!"

त्यांनी मला काढलं नाही. सर्टिफिकेटवर सही करायचा माझा अधिकार काढला. त्या काळात माझ्या हातून गेलेली उपकरणं गिऱ्हाइकांकडून परत मागवली, फुकट पुन्हा तपासून दिली, आणि तपासनिसांना सगळं लेखी कळवलं. फायलीत जुनी चिठ्ठी तशीच ठेवून तिच्यापुढे खरी चिठ्ठी लावली, कारण आमच्याकडे खोडत नाहीत, चुकलेलं वाचता येईल अशी एक रेघ मारतात. केतनला स्वतः बोलावून सांगितलं की जे ऐकलंस ते खोटं होतं.

मी आता बाहेरच्या खिडकीत बसतो. उपकरणं उतरवून घेतो, पावत्या लिहितो. मृणालचीच खुर्ची. लोकांना ही शिक्षा वाटते. खरं सांगू? इतके हलके दिवस मी बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते. बाटलीत पाणी असतं. रविवारी विहारात पाचवं शील मोठ्याने म्हणतो. पण पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं तेव्हा ध्यानात आलं की त्याच्या आधीचं चौथं, खोटं न बोलण्याचं, ते मी इतकी वर्षं खणखणीत आवाजात म्हणत आलो होतो. आवाज तिथेही बंद व्हायला हवा होता.

मृणालने माझे फोन उचलले नाहीत. मी मेसेज केला: 'परीक्षेतला हलणारा हात तुझा नव्हता, माझा होता. प्रत्यक्ष सांगायचं आहे.' दोन दिवसांनी उत्तर आलं, वाघोलीच्या एका अमृततुल्यचं नाव आणि वेळ. बाकी काही नाही.

ती आली, बसली. मी बोलत गेलो. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. मी संपलो तेव्हा तिने आपला उजवा हात टेबलावर पुढे पसरला आणि त्याच्याकडे बघत राहिली, जणू तो कोणीतरी बऱ्याच दिवसांनी घरी आणून सोडला होता.

"म्हणजे हा ठीक होता?"

"हो."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ."

"सर, तुमचं ऐकून मी गोळ्या बंद केल्या होत्या. हात परत यावा म्हणून. कोणाला न विचारता." ती अगदी सपाट आवाजात बोलत होती. "पुढचे तीन महिने मला सकाळी पलंगावरून उठवत नव्हतं, तरी कशीबशी कामावर यायचे. आईने ओळखलं म्हणून सावरले. खिडकीत चुका करायला लागले होते ना मी? पावत्या उलटसुलट? तुम्हाला वाटलं असेल, बघा, बरोबरच होतं आपलं."

मला तसं वाटलं होतं. मी तसं सांगितलं.

"निदान हे तरी खरं बोललात," ती म्हणाली. चहा गार झाला होता, तो तिने एका घोटात संपवला. "आता परत घेते गोळ्या. बरी आहे. क्वालिटीत आहे एका कंपनीत, पण कागदांवर. उपकरणाला हात लावत नाही. भीती वाटते." मग थोड्या वेळाने: "मला ती परीक्षा पुन्हा द्यायचीय."

दामल्यांनी एका शनिवारी खोली रिकामी करून दिली. ती सकाळी आली, बॅगेतून गोळी काढून आमच्या सगळ्यांच्या देखत घेतली, अर्धा तास ठोकळे पुसले आणि मग दार लावून बसली. मी बाहेर माझ्या खुर्चीत. आतून पायाशी असलेल्या कळेचा आवाज येत होता. टक. टक. तीस वेळा मोजला. मध्ये एकदा बराच वेळ आवाज आला नाही, तेव्हा दामले आणि मी एकमेकांकडे न बघता बसून राहिलो. मग पुन्हा टक.

आलेख बाहेर आला. आखीव. आधीच्या ब च्या रेघेवर ठेवला तर दोन्ही एकाच हाताच्या आहेत, हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं.

"ये परत," दामले म्हणाले. "सही तुझी."

"विचार करते, सर." ती हसत होती, आणि डोळे पुसत होती, आणि त्याचा तिला रागही येत होता. "आधी पप्पांचं."

मग तिने ते सांगितलं. पहिला निकाल आला त्या दिवशी तिने तो कागद घरी दाखवला होता. वडील फिटर, छापील आकड्यावर त्यांचा देवासारखा विश्वास. त्यांनी कागद वाचला, घडी घालून कपाटात ठेवला आणि तेव्हापासून ते तिला घरात गरम पातेलं उचलू देत नाहीत. चहासुद्धा स्वतः गाळतात. "दे बेटा, मी धरतो," म्हणतात. पूर्वी घरातला एकुलता एक व्हर्नियर तिच्या टेबलावर असायचा, तो त्यांनी काही न बोलता माळ्यावर टाकला.

"हा नवा कागद ने ना दाखवायला," मी म्हणालो.

"कागद त्यांनी एकदा बघितलाय, सर. आता माणूस पाठवायचा. ज्याने लिहिला तो."

हा लेख छापायला देण्याआधी मी तिला वाचायला पाठवला. नावं बदलली आहेत, तीही तिच्याच पसंतीने. पानं परत आली त्यात तिने एकच शब्द खोडला होता: एके ठिकाणी मी तिला 'बिचारी' म्हटलं होतं. आणि पहिल्या परिच्छेदाशेजारी, जिथे डबा आणि खिडकी आहे, जे तिलाही इथेच पहिल्यांदा कळलं, तिथे समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: 'वाचलं. राग आला. पप्पांना सांगताना हे गाळू नका.'

पोकळे मामांचा मायक्रोमीटर गेल्या महिन्यात परत आला. मफलरसकट. मी पावती लिहिली, त्यांनी बोटांकडे बघितलं आणि मायक्रोमीटर माझ्या हातात दिला. तेवढं फिटलं.

वाघोलीला मी अजून गेलेलो नाही. तिच्या वडिलांपुढे बसून, अर्धा तास विचार करून मी ती चिठ्ठी लिहिली आणि त्यांच्या मुलीचा हात कधीच हलला नव्हता, हे माझ्या तोंडाने सांगायचं आहे. एवढं माझ्याकडून देणं आहे.